वाचकांचे प्रश्न: माणसं दोनदा बदलली, गाव तेच राहिलं

गेल्या अंकात चेक देशातल्या होलाशोवित्से गावाचा एक फोटो छापला होता, मधे गवताचा मोठा चौक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी असलेली, माथ्यावर गोलगोल वळणं काढलेली घरं, आणि खाली फक्त दोन ओळी, की जेमतेम दीडशे वस्तीचं हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच गावाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र दिसलं नाही तर दुसऱ्याच्या प्रश्नात बघा, उत्तर बहुतेक तिथे सापडेल.

ताई, नाव नक्की कसं म्हणायचं? आणि हे प्रागच्या जवळ आहे का? आम्ही चार दिवस प्रागला जातोय.

होलाशोवित्से. लिहिताना जोडाक्षर करावं लागतं पण म्हणायला आपल्याला एकदम सोपं आहे, शेवटचा उच्चार म्हणजे आपल्या 'चांगला'मधला च, 'चहा'मधला नाही, मराठी माणसाच्या जिभेला हा फरक जन्मापासून माहीत असतो. चेक देशात 'ओवित्से' नावाची गावं जिकडेतिकडे दिसतात, जुन्या काळी एखाद्या माणसाच्या नावाला हा प्रत्यय लावला की त्याचा अर्थ 'अमक्याची माणसं, अमक्याची वस्ती' असा व्हायचा, म्हणजे नावातच जमिनीच्या आधी माणसं येतात.

प्रागच्या जवळ नाही. दक्षिणेला साधारण १५० किलोमीटरवर चेस्के बुद्येयोवित्से नावाचं मोठं शहर आहे, तिथपर्यंत प्रागहून थेट ट्रेन असते, दोन-अडीच तास धरा, आणि तिथून पश्चिमेला आणखी १५ किलोमीटरवर हे गाव. गाडी असेल तर प्रश्नच नाही. बसने जाणार असाल तर शनिवार-रविवारचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, लहान गावांच्या बस त्या दोन दिवसांत कमी असतात. चेस्की क्रुमलोव्ह हे दुसरं वारसा यादीतलं शहर त्याच भागात आहे, १९९२ पासून यादीत असलेलं, बरेच लोक तिथे जातात आणि होलाशोवित्सेला वळतच नाहीत, मला त्याचं फार वाईट वाटतं. चारातला एक दिवस इकडे द्याच.

आजूबाजूचा प्रदेश कसा आहे? डोंगर, नदी, जंगल यातलं काय आहे?

सगळं थोडंथोडं आहे. बुद्येयोवित्सेभोवती एक मोठं सपाट खोरं आहे, व्ल्तावा नदी त्या शहरातून उत्तरेला प्रागकडे जाते, आणि या खोऱ्याच्या कडेला, जिथे जमीन हळूहळू वर चढायला लागते, तिथे हे गाव वसलंय. दक्षिणेकडे ब्लान्स्की लेस नावाच्या जंगली टेकड्या, त्यातलं सगळ्यात उंच शिखर क्लेत, १०८४ मीटर. क्लेतवर १८२५ साली बांधलेला दगडी बुरूज आहे, बोहेमियातला, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागातला, टेहळणीसाठी बांधलेला पहिला दगडी बुरूज म्हणून तो ओळखतात, आणि हवा अगदी स्वच्छ असेल त्या दिवशी तिथून थेट ऑस्ट्रियातले आल्प्स दिसतात.

पण दक्षिण बोहेमियाची खरी ओळख डोंगर नाही, तळी. खोऱ्यातली जमीन ओलसर, जागोजागी दलदलीची, पाणी साचून राहणारी. शेतीला हे फार कामाचं नाही. मग तिथल्या लोकांनी मातीचे बांध घालून त्या दलदलीची तळी केली आणि त्यात कार्प मासा वाढवायला लागले. सोळाव्या शतकात हे काम इतक्या जोरात चाललं होतं की रोझ्म्बेर्क नावाचं सगळ्यात मोठं तळं १५८४ ते १५९० या सहा वर्षांत उभं राहिलं, ते आजही आहे. आज सहज बघणाऱ्याला ही सगळी तळी नैसर्गिक वाटतात, पण एकेक बांध माणसांनी फावड्याने उपसलेल्या मातीचा आहे. आणि नाताळच्या आदल्या रात्री चेक घरात कार्प आणि बटाट्याचं सॅलड लागतंच, पुष्कळ घरांत त्या माशाचं एक खवलं पैसे टिकावेत म्हणून वर्षभर पाकिटात ठेवतात. होलाशोवित्सेच्या चौकातही एक छोटं तळं आहे, अशा तळ्यांचा उपयोग बदकं-हंस, गुरांचं पाणी आणि मुख्य म्हणजे आग लागली तर हाताशी पाणी असावं यासाठी व्हायचा.

फोटोत घरं अगदी मोजून ठेवल्यासारखी दिसतात. गाव प्लॅन करून बांधलंय का? किती जुनं आहे?

मोजूनच ठेवलीत, तुमची नजर बरोबर आहे. गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा. त्या शतकात बोहेमियात जंगलं तोडून नवी गावं वसवण्याची मोठी लाट आली होती आणि ती गावं वाटेल तशी वाढू दिली नाहीत, आधी आखणी व्हायची. मधे लांबट चौकोनी मोकळी जागा सोडायची, तिला चेक भाषेत नावेस म्हणतात, तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक कुटुंबाला अरुंद तोंडाचा एकेक तुकडा द्यायचा, पुढे घर, मागे अंगण, अंगणाच्या शेवटी आडवं धान्याचं मोठं कोठार, त्यामागे फळबाग आणि तिथून पुढे शेताची लांबच लांब पट्टी. रस्त्याला लागलेली जागा कमी आणि मागची खोली खूप, म्हणजे चौकाचा शेजार सगळ्यांच्या वाट्याला येतो आणि कुणाला आपल्याच शेतात जायला दुसऱ्याच्या अंगणातून जावं लागत नाही. मला या आखणीचं फार कौतुक आहे, कारण हे वाटप करणाऱ्याने भांडणं कुठून सुरू होतात याचा नीट विचार केलेला दिसतो.

१२९२ मध्ये राजा दुसऱ्या वात्स्लावने हे गाव आणि आसपासची आणखी काही गावं विश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाच्या मठाला देऊन टाकली. तो मठ १२५९ साली स्थापन झालेला, दक्षिणेला पार ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ. तेव्हापासून १८४८ पर्यंत, म्हणजे साडेपाचशेहून जास्त वर्षं, या गावाचा मालक हा मठ. धान्याचा वाटा मठाला, आणि शिवाय मालकाच्या शेतावर फुकट राबायचं, आपल्याकडच्या शब्दात वेठ. चेक भाषेत या वेठीला रोबोता म्हणतात, आणि १९२० सालच्या एका चेक नाटकात याच शब्दावरून माणसासारख्या राबणाऱ्या यंत्राला नाव दिलं गेलं, ते आज जगभर रोबोट म्हणून चालतं. म्हणजे आपण रोज उच्चारतो त्या शब्दात या असल्याच गावांतल्या शेतकऱ्यांचा घाम आहे.

गावाच्या बाहेर प्लेगचा खांब आहे असं वाचलं. तो काय प्रकार आहे?

१५२० ते १५२५ या वर्षांत प्लेग आला आणि गाव संपलं. संपलं म्हणजे खरोखर संपलं, फक्त दोन माणसं वाचली. दोन! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं की आकडा बरोबर आहे ना, पण तो बरोबर आहे. गावाच्या वायव्येला त्या मेलेल्यांच्या आठवणीचा खांब आहे.

आता विचार करा, घरं रिकामी, शेतं पडीक, गुरं बघायला कुणी नाही, पण बांध आहेत, वाटा आहेत, चौक आहे, कुठली पट्टी कुठल्या घराची हे जमिनीवर दिसतंय. मठाला कर हवा होता आणि कर द्यायला माणसं हवीत, मग मठाने बाहेरून कुटुंबं आणून वसवली, मुख्यतः बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून, म्हणजे जर्मन बोलणारी. १५३० च्या यादीत गावात १७ नावं दिसतात. आलेल्या लोकांनी नवं गाव आखलं नाही, त्याच आखलेल्या तुकड्यांवर, त्याच पट्ट्यांवर राहायला लागले. मला या गावाबद्दल जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे. होलाशोवित्सेत राहणारी माणसं एकदा नाही, दोनदा जवळजवळ पूर्ण बदलली, भाषा बदलली, पण १३ व्या शतकातल्या कुणीतरी दोऱ्या लावून पाडलेल्या चौकाच्या आणि घरांच्या रेषा तशाच राहिल्या आणि नंतर आलेल्या प्रत्येकाने त्या पाळल्या.

ही घरं बरोक शैलीची म्हणतात, पण त्यावर १८०० नंतरची सालं दिसतात. तोवर बरोक संपलं होतं ना? मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे म्हणून विचारते.

फार छान प्रश्न आहे. शहरात संपलं होतं, होय. राजवाडे आणि मोठी चर्च यांच्या जगात बरोक, म्हणजे वळणांची आणि भरपूर नक्षीची ती शैली, १८ व्या शतकातच मागे पडलं. पण खेड्यात ते उशिरा आलं आणि राहिलं, होलाशोवित्सेतले बहुतेक सजवलेले दर्शनी माथे १८४० ते १८८० च्या दरम्यानचे आहेत. याला 'दक्षिण बोहेमियातलं शेतकरी बरोक' म्हणतात.

असं का झालं याची दोन-तीन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. आधीची घरं बरीचशी लाकडाची, आग लागली की ओळीने सगळी जळायची, त्यामुळे सरकारच्या दबावाने आणि स्वतःच्या अनुभवानेही लोक विटा-दगडाकडे वळले, आणि भिंत एकदा विटेची झाली की तिच्यावर चुन्याच्या गिलाव्याचं नक्षीकाम करता येतं जे ओंडक्यांवर करता येत नाही. दुसरं म्हणजे १८४८ मध्ये वेठ रद्द झाली, शेतकरी आपल्या जमिनीचा खरा मालक झाला, आणि धान्य विकून आलेला पैसा त्याने सगळ्यात आधी कुठे लावला तर घराच्या चौकाकडच्या तोंडावर, जिथे तो सगळ्या गावाला दिसेल. मला हे अगदी समजतं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबलेल्या घरातला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बांधतोय, तो ते साधं कशाला बांधेल? आणि तिसरं, गवंडी गावोगाव फिरणारे स्थानिकच होते, त्यांनी सुंदर म्हणून जे पाहिलं होतं ते चर्च आणि मठ, म्हणून तिथली वळणं, गोल कमानी, पाकळ्या, बांधकामाचं साल, हे सगळं त्यांनी शेतकऱ्याच्या घराच्या माथ्यावर आणलं. नकाशे पाठ केलेले लोक नव्हते ते, त्यामुळे एका घरासारखं दुसरं हुबेहूब सापडत नाही, विद्यार्थिनी म्हणून गेलात तर प्रत्येक माथ्याचं स्केच वेगळं काढा.

आणखी एक गोष्ट बघा. प्रत्येक वाड्याची चौकाकडे दोन तोंडं असतात आणि मधे कमानीचं मोठं फाटक. एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला बरेचदा धान्याचं कोठार किंवा वीम्न्येनेक, म्हणजे म्हाताऱ्या आईवडिलांची खोली. मुलाच्या हातात शेत दिलं की आईवडील समोरच्या त्या खोलीत जायचे आणि त्याचा चक्क लेखी करार व्हायचा, दरवर्षी इतकं धान्य, इतकं दूध, इतकं सरपण, कुठल्या झाडाची फळं त्यांची. ऐकायला कोरडं वाटेल पण मला यात मोठा शहाणपणा दिसतो, प्रेम असेल तेव्हाच कागद करून ठेवायचा म्हणजे पुढे ते आटलं तरी म्हातारी माणसं उपाशी राहत नाहीत. आणि दोघांचे माथे चौकाकडून सारखेच सजवलेले, म्हाताऱ्यांची बाजू लपवलेली नाही.

चौकात १७५५ सालचं छोटं चॅपल आहे, नेपोमुकच्या संत यानचं. हा १४ व्या शतकातला धर्मगुरू, राजाच्या माणसांनी १३९३ मध्ये प्रागला व्ल्तावा नदीत बुडवून मारला, १७२९ मध्ये त्याला संत ठरवलं, आणि पुलांचा रक्षणकर्ता, पुरापासून वाचवणारा म्हणून चेक देशातल्या असंख्य पुलांवर तो उभा आहे.

तुम्ही दोन ओळींत कौतुक करून मोकळ्या झालात. ज्या लोकांनी ती घरं बांधली त्यांना १९४५ नंतर देशातून हाकललं हे का नाही लिहिलं? माझा जावई जर्मन आहे, त्याच्या आजोबांचं घर त्याच देशात राहिलं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लिहायला हवं होतं, तुमचं बरोबर आहे.

होलाशोवित्सेत चारशे वर्षं जर्मन बोलणारे लोक राहिले, ती वळणावळणांची घरं बांधली ती मुख्यतः त्यांच्याच खापरपणज्यांनी. युद्ध संपल्यावर १९४५ आणि १९४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून साधारण ३० लाख जर्मन भाषिकांना घालवून दिलं, घर, शेत, गुरं सगळं जप्त, सोबत हातात मावेल तेवढं, साधारण पन्नास किलोपर्यंत सामान. या गावातलेही गेले. त्यात लहान मुलं होती, म्हाताऱ्या बायका होत्या, ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशी माणसं होती. याला मी न्याय म्हणू शकत नाही.

पण चेक माणसाच्या मनात तेव्हा काय होतं हेही सांगायला हवं, नाहीतर उत्तर अर्धं राहील. मार्च १९३९ पासून सहा वर्षं तो देश नाझींच्या टाचेखाली होता. प्रागच्या वायव्येला लिदित्से नावाचं असंच एक लहान गाव होतं, १० जून १९४२ ला तिथल्या १७३ पुरुषांना एका वाड्याच्या आवारात उभं करून गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत पाठवलं, मुलांना त्यांच्यापासून तोडलं, त्यातली ८२ पुढे विषारी वायूने मारली गेली, आणि मग घरं जाळून, स्फोटकं लावून गावाची जागासुद्धा सपाट केली. नकाशावर काही उरू द्यायचं नाही हाच हेतू होता. तीन वर्षांनी लोकांच्या डोक्यात हे जिवंत होतं. राग समजतो. पण लिदित्सेच्या मुलांचा हिशोब होलाशोवित्सेच्या म्हातारीकडून घेता येत नाही, असं मला वाटतं आणि आज अनेक चेक माणसंही तसं मोकळेपणाने बोलतात.

तर गाव दुसऱ्यांदा रिकामं झालं. काही घरांत आतल्या भागातून चेक कुटुंबं आली, बरीच घरं तशीच पडली, छपरं गळली, गिलावा पडला. नंतर कम्युनिस्ट राजवटीत शेतं एकत्र करून सामुदायिक झाली, लांब पट्ट्यांचे बांध शेतात मिटले. आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली जी लिहितानाही मला अवघड होतं, की जिथे गाव भरलेलं होतं आणि पैसा होता तिथे लोकांनी जुने माथे पाडून सिमेंटची सपाट घरं बांधली, मोठ्या खिडक्या काढल्या, आणि होलाशोवित्सेत पाडायला आणि बांधायला फारसं कुणी नव्हतंच म्हणून सगळं जागच्या जागी राहिलं. ज्या दुःखामुळे गाव ओसाड पडलं त्यामुळेच ते वाचलं.

१९९० नंतर लोक परत राहायला आले, दुरुस्त्या सुरू झाल्या, चुन्याचा गिलावा पुन्हा चढला, १९९५ मध्ये गावाला संरक्षित दर्जा मिळाला आणि १९९८ मध्ये युनेस्कोची यादी. एकूण २३ वाडे आणि त्यांच्या सगळ्या इमारती धरल्या तर १२० च्या आसपास बांधकामं. तुमच्या जावयांना सांगा की वारशाची ती पाटी जर्मन हातांनी बांधलेल्या आणि चेक हातांनी दुरुस्त केलेल्या घरांसाठी आहे, दोन्हीतलं एक काढलं तर ती पाटी लागली नसती. आणि शक्य झालं तर त्यांना घेऊन जा.

तिथे कुणी राहतं का की सगळं म्युझियम आहे? आत जाता येतं का?

राहतात. दीडशेच्या आत-बाहेर वस्ती, स्वतंत्र ग्रामपंचायतसुद्धा नाही, शेजारच्या यान्कोव गावाच्या कारभारात हे येतं. चौकात फिरायला तिकीट नाही, जेवायला मिळतं, जुन्या शेतीच्या अवजारांचं छोटं प्रदर्शन आहे. खर्चाला चेक कोरुना लागतील, युरो तिथलं चलन नाही. पण फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका, ते कुणाचं तरी अंगण आहे, दोरीवर कपडे वाळत असतात, कुणी भाजी निवडत बसलेलं असतं. खिडकीला नाक लावून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांचा राग येतो. जुलैच्या शेवटी तिथे शेतकरी उत्सव असतो, लोहार, कुंभार, टोपल्या विणणारे चौकात बसतात, गर्दी मात्र भरपूर. शांतता हवी असेल तर मे किंवा सप्टेंबर, सकाळी लवकर.

गावाजवळ स्टोनहेंजसारखं दगडांचं वर्तुळ आहे, ते प्लेगच्याही आधीचं, हजारो वर्षं जुनं आहे का?

नाही, ते २१ व्या शतकात एका रहिवाशाने स्वतःच्या जमिनीवर उभं केलेलं आहे. बघायला जा, मुलांना आवडेल, पण वेळ कमी असेल तर आधी वायव्येचा तो प्लेगचा खांब बघा, दगडांचं वर्तुळ नंतर.